लपणं आणि अदृश्य होणं: आपल्या टेबलासाठी स्टेल्थचे नियम नव्याने कसे बसवायचे

गोदाम, रात्र, चार पहारेकरी, मधल्या खांबाला एक कंदील. हे सगळं टेबलावर: आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गोष्ट रचत, फासे टाकत खेळायचा खेळ खेळत होतो. आमच्या गटातल्या जादूगाराने स्वतःवर 'इन्व्हिजिबिलिटी' हे अदृश्य करणारं स्पेल (मंत्र) टाकलं आणि तो तीस फूट सरकला. डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि शत्रू चालवणारा, मी होतो. पहारेकऱ्यांची पाळी आल्यावर मी त्यातल्या एकाला नेमका जादूगार उभा असलेल्या घरावर (नकाशावरच्या पाच फुटी चौकोनावर) भाला मारायला लावला, डिसॲडव्हांटेजने, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरून. जादूगार चालवणारा मित्र म्हणाला, "अरे, मी दिसतच नाहीये, मग मी इथे आलोय हे त्याला कळलं कसं?" मी २०१४ च्या नियमांवर बोट ठेवलं: अदृश्य असलास तरी आवाजावरून आणि पावलांच्या खुणांवरून जागा कळू शकते, आणि तू हाइड ॲक्शन (पाळीतली लपण्याची कृती) घेतलेली नाहीस. त्यानेही तिथेच बोट ठेवलं: जादू किंवा खास इंद्रिय असल्याशिवाय अदृश्य प्राणी दिसणं अशक्य. वाद पाऊण तास चालला. दोघांचंही वाचन बरोबर होतं, आणि मला तेच जास्त लागलं.

त्यानंतर मी आमच्या टेबलासाठी हे नियम तीनदा लिहिले. दोनदा फसले, तिसऱ्यांदा टिकले. खाली आहे ती त्या तिसऱ्या वेळची वाट. उदाहरणं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतली (२०१४ चे नियम आणि त्यांचं २०२४ चं सुधारित रूप) आहेत, कारण बहुतेक जण तीच खेळतात. पण पद्धत कुठल्याही खेळाला लागू पडेल. एक शब्द आधीच सांगून ठेवतो. 'रोग' (Rogue) हा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, मराठीत लिहिला की आजारासारखा वाचला जातो, म्हणून आम्ही त्याला 'चोर'च म्हणतो. १९७५ साली हा क्लास पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं नावही तेच होतं.

आधी भांडणं लिहून काढा

नियम बदलायला बसण्याआधी एक कागद घ्या आणि गेल्या काही सत्रांत लपण्यावरून झालेले वाद एकेका ओळीत लिहा. खेळाडूंनाही विचारा, कारण डीएमच्या ध्यानात न आलेली एखादी नाराजी त्यांच्या मनात असतेच. आमच्या कागदावर पाच ओळी होत्या. अदृश्य माणसाची जागा कळते का? चोर एकाच पिंपामागून दर फेरीला डोकं काढून बाण मारतो, ते चालतं का? पॅलादिन या धर्मयोद्ध्याच्या चिलखतामुळे सगळ्यांचं बिंग दर वेळी का फुटतं? लपून बसलेला माणूस उजेडातून चालत गेला तर? आणि एका पहारेकऱ्याला दिसला म्हणजे सगळ्यांना दिसला का?

हा कागद जपून ठेवा. नवा नियम यातल्या एकाही ओळीचं उत्तर देत नसेल, तर तो वाचायला कितीही छान असला तरी टेबलावर निरुपयोगी आहे. माझी पहिली दोन लिखाणं फसली ती इथेच. आवाज, वारा, चंद्राचा उजेड, बुटांचा प्रकार, सगळं मी त्यात घातलं होतं; पिंपामागच्या चोराचं काय करायचं, ते मात्र कुठेच नव्हतं.

पुस्तकात नेमकं काय आहे ते बघा

२०१४ च्या नियमांत लपणं बरंचसं डीएमवर सोपवलेलं आहे. तुम्हाला स्पष्ट पाहू शकणाऱ्यापासून तुम्ही लपू शकत नाही. लपताना डेक्स्टेरिटीचा (चपळाईचा) स्टेल्थ चेक करायचा, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपल्या कौशल्याचा आकडा मिळवायचा, आणि तो समोरच्याच्या पॅसिव्ह पर्सेप्शनशी (मुद्दाम न शोधताही असलेल्या सावधपणाच्या ठरलेल्या आकड्याशी), किंवा तो मुद्दाम शोधत असेल तर त्याच्या पर्सेप्शन चेकशी ताडायचा. अदृश्यतेची कंडिशन (पात्राची तात्पुरती स्थिती) वेगळी: तुमच्या हल्ल्याला ॲडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा), तुमच्यावरच्या हल्ल्याला डिसॲडव्हांटेज. इथे एक फट राहून गेली होती. हे दोन्ही फायदे स्वतंत्र वाक्यात दिल्यामुळे, अक्षराला धरून वाचलं तर, 'सी इन्व्हिजिबिलिटी' हे अदृश्य गोष्टी दाखवणारं स्पेल टाकून तुम्हाला लख्ख बघणाऱ्यालाही तुमच्यावर वार करताना डिसॲडव्हांटेजच मिळायचं.

२०२४ च्या आवृत्तीने ही फट बुजवली: तुम्हाला कसंही करून पाहू शकणाऱ्याविरुद्ध हे फायदे मिळत नाहीत. पण त्याच आवृत्तीत लपणं आणि अदृश्य होणं एकाच कंडिशनखाली आणलं गेलं. दाट अंधारात किंवा किमान तीन-चतुर्थांश आडोशामागे, शत्रूच्या नजरेबाहेर असताना स्टेल्थमध्ये १५ गाठले की तुम्हाला 'इन्व्हिजिबल' कंडिशन मिळते. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, हल्ला केला, तोंडाने मंत्र म्हणावा लागणारं स्पेल टाकलं किंवा शत्रूने शोधून काढलं की ती जाते. वाचायला सुटसुटीत आहे. पण पोत्यामागे दबा धरून बसलेला चोर आणि जादूने नाहीसा झालेला माणूस नियमाच्या लेखी एकच झाले. त्यामुळे 'सी इन्व्हिजिबिलिटी' या स्पेलने पोत्यामागचा चोरही दिसायला हवा, असं शब्दाला धरून म्हणता येतं. आणि चोर पोत्यामागून उठून दिव्याखाली आला तर ती कंडिशन नेमकी कधी जाते, यावर मी अगदी समजूतदार खेळाडूंनाही तावातावाने भांडताना पाहिलंय.

दोन्ही आवृत्त्यांची अडचण एकच आहे, असं मला वाटतं. 'शत्रूला दिसत नाही' आणि 'शत्रूला माहीत नाही' या दोन गोष्टी त्यांत एकमेकींत अडकल्या आहेत. त्या सोडवल्या की निम्मे वाद तिथेच मिटतात.

चार अवस्था ठरवा

आपण सगळे लहानपणी हे खेळलोय. आंधळ्या कोशिंबिरीत ज्याच्यावर राज्य असतं त्याचे डोळे बांधलेले असतात, पण शेजारी कोणीतरी फिसकन हसलं की हात बरोबर तिकडे जातो. लपाछपीत त्याचे डोळे उघडे असतात, पण जिन्याखाली कोण आहे ते त्याला ठाऊक नसतं, म्हणून मागून येऊन धप्पा देता येतो. पहिल्या खेळात दिसत नाही पण कळतं, दुसऱ्यात दिसू शकतं पण कळलेलं नाही. स्टेल्थच्या नियमाला हा फरक करता आलाच पाहिजे.

आम्ही चार अवस्था ठेवल्या. कल्पना माझी नाही. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या २०१९ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत अशाच चार पायऱ्या आहेत. मी फक्त टेबलावर पटकन उच्चारता येतील अशी नावं दिली आणि पाचव्या आवृत्तीच्या फाशांना ती जुळवली.

उघडा: शत्रूला तुम्ही दिसताय. नेहमीचे नियम.

अंदाजातला: शत्रूला दिसत नाही, पण तुम्ही कुठल्या घरात आहात ते त्याने ताडलंय. त्याचा हल्ला डिसॲडव्हांटेजने.

हरवलेला: कोणीतरी इथे आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे, कुठे ते नाही. त्याने एक घर निवडायचं आणि डिसॲडव्हांटेजने वार करायचा. घर चुकलं तर वार आपोआप वाया. डीएमने "चुकला" एवढंच म्हणायचं. घर चुकलं की नेम, ते सांगायचं नाही. (हा शेवटचा भाग २०१४ च्या नियमांतही आहे, पण फार थोडी टेबलं तो पाळतात.)

बेमालूम: तुम्ही इथे आहात याचीच त्याला कल्पना नाही. तो तुमच्याविरुद्ध काहीही करू शकत नाही, कारण करायचं कारणच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही अवस्था तुमची एकट्याची नसते, ती तुम्ही आणि एक शत्रू यांच्यामधली असते. गच्चीवरच्या धनुर्धाऱ्याला तुम्ही उघडे असाल आणि त्याच वेळी दारातल्या पहारेकऱ्याला बेमालूम. धनुर्धारी ओरडला की दारातल्याच्या लेखी तुम्ही 'हरवलेला' होता, एकदम 'उघडा' नाही. ओरडताना त्याने जागाही सांगितली ("विहिरीपाशी!") तर 'अंदाजातला'. आमच्या कागदावरची पाचवी ओळ एवढ्यानेच मिटली.

चेक फसला तर अवस्था 'उघडा'च्या दिशेने एक पायरी खाली येते, म्हणजे 'बेमालूम'चा 'हरवलेला'. पाच किंवा त्याहून जास्त फरकाने फसला तर दोन पायऱ्या. हा एक बदल टेबलाचा रंगच पालटतो. पूर्वी एक वाईट फासा पडला की थेट "इनिशिएटिव्ह टाका," म्हणजे लढाई सुरू. आता पहारेकरी थबकतो, कान देतो, कंदील उचलतो, आणि खेळाडूंना मधल्या वेळात काहीतरी सुचतं.

लपायला परवानगी कधी

यावर फार शब्द घालवू नका. शत्रूची नजर अडवणारं काहीतरी हवं: भिंत, पिंप, दाट धुकं, काळोख, गर्दी. मंद उजेड एकटा पुरत नाही. त्यात डोळ्यांनी शोधणाऱ्याच्या चेकला डिसॲडव्हांटेज असतं आणि म्हणून त्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन पाचाने उतरतं, इतकंच. डार्कव्हिजन (अंधारात पाहण्याची शक्ती) असलेल्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट सतत विसरली जाते. त्यांना काळोख उजेडासारखा दिसत नाही, मंद उजेडासारखा दिसतो. म्हणजे अंधारात पहारा देणाऱ्या गॉब्लिनचं पॅसिव्ह पर्सेप्शन ९ वरून ४ वर येतं. एवढी एक गोष्ट नीट पाळली तरी अंधारातली मोहीम बरीच न्याय्य होते.

फासा कोणी आणि किती वेळा टाकायचा

हा भाग सावकाश वाचा. बहुतेक टेबलांवर स्टेल्थ मरतो तो इथे, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसऱ्या लेव्हलचा चौघांचा गट घ्या. चोराचा स्टेल्थ +७, जादूगार +२, ड्रुइड (निसर्गाची जादू करणारी) +१, आणि साखळीच्या चिलखतातला पॅलादिन +०, तोही डिसॲडव्हांटेजने. समोर नियमातला साधा पहारेकरी, पॅसिव्ह पर्सेप्शन १२. चोर निसटण्याची शक्यता ८० टक्के, जादूगार ५५, ड्रुइड ५०, पॅलादिन जेमतेम २०. "चौघेही टाका, एक जरी फसला तरी कळलं" असं म्हणालात तर गट निसटण्याची शक्यता उरते साडेचार टक्के. हा नियम असलेल्या टेबलावर गट कधीच लपत जात नाही. सगळे बाहेर थांबतात, चोर एकटा आत जातो, आणि बाकी तिघं वीस मिनिटं मोबाइल बघत बसतात.

हाच गट 'निम्मे यशस्वी झाले की सगळे यशस्वी' या ग्रुप चेकने टाकला तर शक्यता ७३ टक्क्यांवर जाते. ग्रुप चेक २०१४ पासून नियमांत आहे. तो स्टेल्थला लावायचा, एवढंच आम्ही ठरवून टाकलं. त्याची गोष्टीतही संगती लागते: चोर पॅलादिनच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवतो, ड्रुइड कुठे पाऊल टाकायचं ते दाखवते.

दुसरा खड्डा म्हणजे पुन्हा पुन्हा टाकायला लावणं. दारात एक चेक, बोळात एक, जिन्यावर एक. ८० टक्केवाल्या चोराची तीन चेकनंतरची शक्यता ५१ टक्के. म्हणजे गटातल्या सगळ्यात तरबेज माणसालाही तुम्ही नाणेफेकीवर आणलंत. आमचा नियम असा आहे: एका जागेसाठी एकच चेक, आणि परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत तोच आकडा चालू. दिवा लागला, कुत्रा आला, कोणी धावलं, तर नवा चेक. नुसतं पुढचं दार आलं म्हणून नाही.

तिसरा खड्डा शोधणाऱ्यांच्या बाजूचा. चोराचा स्टेल्थ १७ आला. पहारेकऱ्याचं पर्सेप्शन +२, म्हणजे त्याला शोधून काढायची शक्यता ३० टक्के. चार पहारेकऱ्यांचे चार फासे टाकलेत तर कोणीतरी शोधण्याची शक्यता ७६ टक्के होते. त्याऐवजी एकाने शोधायचं, बाकीच्यांनी त्याला मदत करायची, म्हणजे एकच फासा ॲडव्हांटेजने: ५१ टक्के. सहा पहारेकरी असले तरी तेवढेच. त्यांची संख्या फाशात मोजायची नाही, जागा किती व्यापली जाते त्यात मोजायची.

चेक कोणी टाकायचा, खेळाडूने की डीएमने पडद्यामागे? पाथफाइंडरमध्ये असे चेक डीएमने गुपचूप टाकायचे असतात. त्याने धाकधूक वाढते हे खरं, पण आमच्या मंडळींना स्वतःचा फासा स्वतःच्या हाताने टाकायला आवडतो. म्हणून तडजोड केली: फासा खेळाडूचा, पण तो पेल्याखाली झाकलेला. पहारेकऱ्याच्या जवळ पोचल्यावरच पेला उचलायचा. त्या क्षणी टेबलावर जी शांतता पसरते, तिच्यासाठी मी कुठलाही नियम बदलायला तयार आहे.

आडोशातून बाहेर आल्यावर

लढाईत सगळे सावध असतात, म्हणून उघड्यावर आलं की सहसा दिसतंच. पण मग चोराने धप्पा द्यायचाच कसा? आम्ही पंधरा फुटांची, म्हणजे तीन घरांची सवलत ठेवली. 'हरवलेला' किंवा 'बेमालूम' माणूस आपल्या पाळीत उघड्यावरून तीन घरांपर्यंत येऊन वार करू शकतो आणि तो वार ॲडव्हांटेजने होतो. चौथ्या घरात पाऊल टाकलं की तो उघडा. पाळी उघड्यावर संपली तरी उघडा. लढाई नसताना घरं मोजायची गरज नाही. पहारेकऱ्याचं लक्ष कुठे आहे ते डीएमने आधी सांगायचं आणि खेळाडूने त्यावर बेत आखायचा.

आता पिंपामागचा चोर. दर फेरीला लपायचं आणि बाण मारायचा, हे बंद करावं असं डीएमला वाटतं. मलाही वाटलं होतं आणि मी बंद केलंही. त्यात माझी चूक झाली. चोराचा सगळा मारा स्नीक अटॅकवर (संधी साधून केलेल्या, जादा इजा करणाऱ्या वारावर) उभा आहे. तो जवळजवळ दर फेरीला मिळेल असं धरूनच तो क्लास बेतलाय. ते तोडलं की आमचा चोर तीन सत्रं नुसता बसून राहिला. शेवटी असं ठरलं: त्याच आडोशामागे लागोपाठ दुसऱ्यांदा लपायचं असेल तर चेक डिसॲडव्हांटेजने. दुसऱ्या आडोशाकडे गेलात तर साधा चेक. चोर आता सतत फिरत असतो, आणि पिंपापेक्षा ते बघायला कितीतरी चांगलं वाटतं.

अदृश्यता नव्याने लिहा

अदृश्यता म्हणजे चालताबोलता आडोसा. सोबत असतो, पण तुमचा आवाज, तुमचा वास, तुमच्या पावलांचे ठसे तो लपवत नाही. ही व्याख्या एकदा सगळ्यांना पटली की बाकीचं सोपं जातं.

कोणाच्या समोर अदृश्य झालात तर त्याच्या लेखी तुम्ही 'अंदाजातला' होता. तुम्ही कुठे उभे होतात ते त्याने आत्ताच पाहिलंय. तिथून 'हरवलेला' व्हायचे दोन मार्ग. एक, नेहमीप्रमाणे हाइड ॲक्शन आणि चेक. दोन, निम्म्या वेगाने किंवा त्याहून हळू सरकत त्याच्यापासून तीस फुटांहून लांब जाणं. तेवढ्या अंतरावर लढाईच्या गोंगाटात पावलं ऐकू येत नाहीत असं धरायचं आणि चेक मागायचा नाही. शांत मंदिरात तेच अंतर साठ फूट, धबधब्यापाशी पंधरा. या नियमाने आमच्या जादूगाराचं म्हणणं आणि माझं म्हणणं, दोन्ही एकाच ओळीत बसलं: तो पूर्ण वेगाने धावला असता तर भाला बरोबर होता, चोरपावलांनी लांब गेला असता तर चूक.

हल्ल्याचे फायदे साधे ठेवा. जादूने अदृश्य असलेल्याला 'अंदाजातला' असतानाही वार करताना ॲडव्हांटेज मिळतं, कारण येणारा घाव समोरच्याला दिसत नाही. पोत्यामागे लपलेल्याला ते 'हरवलेला' किंवा 'बेमालूम' असतानाच. डोकं वर काढलं की तो दिसतो. या दोघांतला नियमातला फरक एवढाच. जो तुम्हाला पाहू शकतो, त्याच्या लेखी दोन्ही फायदे शून्य. हे २०२४ मधून जसंच्या तसं घ्या. आणि 'सी इन्व्हिजिबिलिटी'ने फक्त जादूची अदृश्यता भेदली जाते, पोत्यामागचा चोर दिसत नाही, असं एक वाक्य लिहून टाका.

अदृश्यतेची खरी ताकद मात्र ॲडव्हांटेजमध्ये नाही, आणि नियम दुरुस्त करताना हे हटकून निसटतं. पाचव्या आवृत्तीत कितीतरी गोष्टींना 'तुम्हाला दिसणारं लक्ष्य' अशी अट आहे. मॅजिक मिसाइल अदृश्य माणसावर सोडता येत नाही. काउंटरस्पेल (समोरच्याचं स्पेल मोडणारं स्पेल) टाकायला समोरचा मंत्र टाकताना दिसावा लागतो. शत्रू शेजारून निसटला तर ऑपॉर्च्युनिटी अटॅक मिळतो, तोही दिसणाऱ्या शत्रूवरच. म्हणून चौथ्या पातळीची ग्रेटर इन्व्हिजिबिलिटी मिळालेला जादूगार एक मिनिट जवळपास अस्पर्श असतो. ते त्याचं हक्काचं आहे, काढून घेऊ नका. शत्रूंना उत्तर द्या: फायरबॉल जागेवर टाकायचा असतो, माणसावर नाही.

आणि माती, पाणी, पीठ. आमच्या त्या गोदामात ज्वारीची पोती होती. पुढच्या वेळी एका पहारेकऱ्याने पोत्याला सुरी मारली आणि दाणे जमिनीवर पसरले. अदृश्य चोराने पाऊल टाकलं की दाणे करकरतात. अशा युक्तीने अदृश्य माणूस त्या घरांपुरता 'अंदाजातला' होतो, पण दिसत नाही, म्हणून डिसॲडव्हांटेज राहतंच. पावसालाही हेच. फेअरी फायर मात्र पहिल्या पातळीचं स्पेल असूनही, ज्याला लागतं त्याचा अदृश्यतेचा सगळा फायदा काढून घेतं. साध्या युक्तीने पायरी उतरायची, स्पेलने अदृश्यता मोडायची, हा भेद ठेवा. नाहीतर पाच पैशांचं पीठ दुसऱ्या पातळीच्या स्पेलला भारी पडतं.

शोधणाऱ्यांनाही डोकं द्या

'हरवलेला' शत्रू समोर असताना पहारेकरी काय करतात, ते सत्राच्या आधीच ठरवा. साधा पहारेकरी शेवटच्या ठाऊक जागेकडे जातो. अनुभवी असेल तर दार अडवतो आणि मदत बोलावतो. लांडगा डोळ्यांवर अवलंबूनच नसतो. २०१४ च्या नियमांत त्याचं पॅसिव्ह पर्सेप्शन १३ आहे आणि ऐकणं किंवा वास घेणं असेल तर ॲडव्हांटेज, म्हणजे १८. ब्लाइंडसाइट (डोळ्यांविना जाणण्याची शक्ती) असलेल्या वटवाघळाला साठ फुटांत अदृश्यतेचा काही फरकच पडत नाही. कोणत्या मोहिमेत कुत्रे आहेत याची चाहूल खेळाडूंना आधी लागू द्या. भुंकणं ऐकू आलं, कुंपणाशी हाडं दिसली, एवढं पुरतं.

टेबलावर जागा कशी लपवायची

'हरवलेला' ही अवस्था कागदावर सोपी असते आणि नकाशावर अवघड, कारण सोंगटी सगळ्यांना दिसते. आम्ही स्टीलची छोटी वाटी वापरतो. पात्र हरवलं की त्याची सोंगटी उचलायची आणि शेवटच्या ठाऊक घरावर वाटी पालथी घालायची. खेळाडू आपली खरी जागा चिठ्ठीवर लिहितो, 'उत्तर भिंत, तिसरं पोतं' अशी, आणि चिठ्ठी घडी करून वाटीखाली सरकवतो. डीएम शत्रूंची चाल आधी बोलून दाखवतो, मग चिठ्ठी उघडतो. त्यामुळे डीएमलाही नकळत पक्षपात करता येत नाही, आणि खेळाडूलाही 'मी तिथे नव्हतोच' असं मागाहून म्हणता येत नाही. पहारेकरी म्हणून आम्ही कॅरमच्या सोंगट्या ठेवतो, काळ्या सावध, पांढऱ्या बेसावध. पांढरी उचलून काळी ठेवली की न बोलता सगळ्यांना कळतं.

एकच प्रसंग तीनदा खेळून बघा

नवा नियम थेट चालू मोहिमेत घालू नका. एक संध्याकाळ काढा, एकच गोदाम मांडा आणि तोच प्रसंग तीनदा खेळा: एकदा साधं लपून, एकदा इन्व्हिजिबिलिटी घेऊन, एकदा 'पास विदाउट ट्रेस' घेऊन. हे तिसरं स्पेल वगळू नका. ते तीस फुटांतल्या सगळ्यांना स्टेल्थमध्ये सरळ +१० देतं. वरच्याच गटातल्या ड्रुइडने ते टाकलं तर चोर, जादूगार आणि ड्रुइड त्या पहारेकऱ्यासमोर फसूच शकत नाहीत, पॅलादिनची शक्यता ९० टक्के होते, आणि ग्रुप चेक तर टाकायचीही गरज उरत नाही. तुमचा नियम या +१० खाली कोसळतो का ते बघायलाच हवं. आम्ही ते +५ केलं आणि सोबत दुसरं काहीतरी दिलं: ते चालू असताना पाच किंवा जास्त फरकाने फसलं तरी पायरी एकच उतरते. ड्रुइड चालवणारी मैत्रीण आधी नाखूश होती. दोन सत्रांनी तिनेच सांगितलं की आता ते स्पेल टाकताना छातीत धडधडतं, पूर्वी नुसतं बटण दाबल्यासारखं वाटायचं.

तीन फेऱ्या झाल्या की सुरुवातीचा भांडणांचा कागद काढा आणि एकेक ओळ खोडा. जी खोडता येत नाही, तिच्यासाठी अजून एक वाक्य लागेल. एकच.

मग सगळं एका पानावर लिहा, पाठपोट नाही. चार अवस्था, एक पायरी उतरण्याचा नियम, ग्रुप चेक, तीन घरं, अदृश्यतेचं अंतर, बदललेली स्पेल्स. पानात मावत नसेल तर काहीतरी जास्तीचं आहे; माझ्या पहिल्या लिखाणातला वारा आणि बूट तसेच गळाले. ते पान सत्राच्या दोन दिवस आधी सगळ्यांना पाठवा, आदल्या रात्री नाही. आणि ज्याच्या पात्राला नव्या नियमाचा फटका बसतोय, म्हणजे ज्याने जुना नियम बघून एखादं फीट (पात्राचं खास कौशल्य) किंवा स्पेल निवडलं होतं, त्याला ते तिथल्या तिथे बदलून घेऊ द्या, काहीही मोल न मागता.